लातूर पॅटर्न आणि आठ तासांची झोप

लातूर पॅटर्नचं कौतुक मलाही आहे. गुणवत्ता ही मुंबई-पुण्याची मक्तेदारी नाही, हे त्यानं दाखवून दिलं. आता दहावी झाली की पोरगं 'नीट'साठी लातूरला नाहीतर नांदेडला खोली करून ठेवायचं, हा रिवाजच झालाय. ठीक आहे. पण ठेवताना आपण विचारतो काय? शिकवायला कोण, टेस्ट किती, गेल्या वर्षी नंबर किती लागले. पोरं झोपतात किती, खेळतात कधी, हे कुणीच विचारत नाही!

अहो, तेरा ते अठरा वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं. दिवसभराचं वाचलेलंही मेंदू झोपेतच पक्कं करतो. मग रात्री दोनपर्यंत जागून जीवशास्त्र पाठ करायचं, ते कुणाच्या फायद्याचं? दम लागेल असा तासभर खेळही रोज हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तेव्हा फी भरण्याआधी वेळापत्रक मागा. त्यात झोप आणि खेळ बसत नसेल, तर वेळापत्रक बदलायला लावा. गुण पुढच्या वर्षीही मिळवता येतात. वाढीचं वय रिपीट करता येत नाही.