बंदूक कोतात, मी घरात

संपादकांचे पत्र आले की मला दिवाळी जवळ आल्याची खात्री पटते. यंदाही आले. "सुभेदारसाहेब, तुमचे नेहमीचे पान हवेच, पण दिवाळी अंक आहे, तेव्हा जरा फराळासारखे खुसखुशीत असू द्या." आता वाचकहो, पलटणीत चोवीस वर्षे काढलेल्या माणसाकडून खुसखुशीत काय मिळणार? फार तर शंकरपाळे. तरी बसलो. आणि विषय शोधायला बाहेर जावे लागले नाही; तो नातवाच्या रडण्यातून आपण होऊन घरात आला.

नातू दिवाळीसाठी पुण्याहून आला आहे. वय वर्षे सात. आल्या दिवशीच महाद्वार रोडवरून टिकल्यांचे पिस्तूल आणले. दिवसभर चाळीस वेळा मला ठार केले. रात्री तो झोपल्यावर मी सवयीने ते पिस्तूल उचलले, कपाटात ठेवले, किल्ली फिरवली, आणि टिकल्यांच्या डब्या दुसऱ्या खोलीतल्या फडताळात ठेवून दिल्या. सकाळी घरात आकांत! "आजोबा, ते खोटं आहे!" असे तो ओरडत होता, आणि आमची ही मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. "अरं, तुझ्या आजोबाची खोडच हाय ती. हत्यार एकीकडं, दारू एकीकडं."

खोड खरी. पण ती लागली कशी, ते मी आजवर या पानावर सांगितले नाही. आज सांगतो.

आमचे गाव राधानगरी तालुक्यात, जंगलाच्या कडेला. दाजीपूरचे अभयारण्य १९५८ साली झाले. पूर्वी तिथे संस्थानच्या राजांची शिकार चाले. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात गेलात, तर त्या काळच्या बंदुका आणि पेंढा भरलेले वाघ अजून बघायला मिळतात. राजांची शिकार संपली, पण गव्यांनी आमच्या उसाची शिकार सोडली नाही. म्हणून वडिलांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढून एकनळी बाराबोअर बंदूक घेतली होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तर ती नुसती आवाजापुरतीच उरली. रात्री माळ्यावर बसायचे, गवा आला की आभाळात एक बार काढायचा, आणि खाली उतरून चहा प्यायचा. वडिलांनी त्या बंदुकीने उभ्या जन्मात एक ससाही मारला नाही; पण दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ मात्र चुकली नाही.

१९८४ साली वडील गेले. आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण खेडोपाडी अजून पुष्कळांना ती ठाऊक नसते. बाप गेला की मुलाला शेत मिळते, बैल मिळतात, बंदूकही मिळते. पण बंदुकीचा परवाना मिळत नाही. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. तो माणसाबरोबर जातो. वारसाने बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची, आपल्या नावे नवा परवाना मागायचा, आणि तो मिळाला तरच ती घरी आणायची. मी तसेच केले. पुढच्या वर्षी परवाना हाती आला. त्या वेळी मी हवालदार होतो, आणि आपल्याच राज्यातल्या एका छावणीत फॅमिली क्वार्टरमध्ये बायको आणि दोन लेकरांसह राहत होतो.

लोकांची एक गमतीची समजूत असते, की फौजी माणूस रायफल उशाशी घेऊनच झोपतो. सरकारी रायफल कधी क्वार्टरमध्ये येत नाही, महाराजा! काम संपले की ती कोतात जाते. कोत म्हणजे पलटणीची हत्यारांची खोली. लोखंडी दार, आत मांडणी, मांडणीला साखळी, साखळीला कुलूप, आणि या साऱ्यावर राखण करणारा कोत हवालदार. नंबर बघून हत्यार घ्यायचे, नंबर बघून परत करायचे, वहीत सही करायची. काडतुसे तिथे नसतातच. त्यांचे कोठार वेगळे, त्याची राखण वेगळी. एक नग कमी भरला तर सगळ्या पलटणीची झोप उडते.

मग जवानाच्या स्वतःच्या बंदुकीचे काय? शिपाई झाला म्हणून त्याला परवान्यातून सूट नाही. सूट आहे ती सरकारी कामासाठी दिलेल्या सरकारी हत्याराला. स्वतःची बंदूक असेल तर त्याला तुमच्याआमच्यासारखाच परवाना लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात हत्यार जमा करण्याचे जे कलम आहे, त्यात ठाणे आणि दुकानदार यांच्या जोडीला फौजेतल्या माणसासाठी पलटणीचा कोतही सांगितलेला आहे. आणि आमच्या छावणीचा तर साधा दंडक होता: खाजगी हत्यार आणलेस तर आधी लेखी कळव, आणि कोतात दे. क्वार्टरमध्ये ठेवायचे नाही.

हे सगळे मला पाठ होते. नव्या पोरांना मीच शिकवीत होतो. आणि तरी, वाचकहो, सुट्टीवरून परत आलो तेव्हा वडिलांची बंदूक मी सरळ क्वार्टरमध्ये नेली आणि खाटेखालच्या ट्रंकेत ठेवली. का? तर वडिलांची म्हणून. तिच्या दस्त्यावर त्यांच्या गालाची जागा झिजून गुळगुळीत झाली होती. ती कोतात नेऊन सरकारी रायफलींच्या रांगेत उभी करायची, तिच्या मानेला बिल्ला बांधायचा, हे जिवावर आले. मनाशी म्हटले, आठ दिवस राहू दे, मग बघू. शेजारीपाजारी दाखवलीही. "वडिलांची निशाणी," म्हणून मिरवलो. काय सांगावे, शहाणपण दुसऱ्याला शिकवताना माणसाचा आवाज खणखणीत असतो. स्वतःला शिकवायची पाळी आली की घसा बसतो.

आमच्या हिने मात्र पहिल्या रात्रीच तोंड फिरवले. "अहो, लेकरं हाईत घरात."

"ट्रंकेला कुलूप आहे."

"किल्ली कुठं हाय?"

किल्ली खुंटीवर होती. तिथेच वादाचा निकाल लागायला हवा होता, पण मी हवालदार! तीन दिवस हटून बसलो. चौथ्या दिवशी दुपारी घरी आलो तर थोरला पोरगा खुर्चीवर उभा राहून त्या खुंटीकडे हात लांबवीत होता. त्याला किल्ली नको होती. त्याला तिथली शिट्टी हवी होती. पण ही चुलीपुढून उठली, माझ्याकडे नुसते पाहिले, आणि म्हणाली, "आज रातच्याला ती हितं असंल, तर म्या लेकरं घिऊन भाईर निजते."

गेलो. त्याच दुपारी, अर्ज लिहून, मान खाली घालून. उशीर का, म्हणून साहेबांनी विचारले. जे खरे ते सांगितले. त्यांनी जे ऐकवायचे ते ऐकवले, आणि ते रास्त होते. कोत हवालदाराने नंबर उतरवला, नळी उघडून रिकामी असल्याची खात्री केली, बिल्ला बांधला आणि पावती दिली. काडतुसांची निराळी नोंद झाली. मी रिकाम्या हातांनी परतलो. खरे सांगतो, वडिलांना दुसऱ्यांदा पोहोचवून आल्यासारखे वाटले.

त्याच रात्री, अकराच्या सुमाराला, दारावर थाप पडली.

दारात आमच्या रांगेतला एक नाईक उभा. नाव सांगत नाही, आपल्याच जिल्ह्यातला. गडी उमदा, कुस्तीत तयार, लेझीम खेळायला लागला तर बघत राहावे. पण गेले दोन महिने गावाकडून त्याला पत्रांवर पत्रे येत होती. भावाभावांत जमिनीचा तंटा, त्यात आई आजारी, बायको माहेरी निघून गेलेली, आणि रजा पुढच्या महिन्यात. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होते. ठाऊक असणे आणि विचारणे यांत केवढे अंतर असते, ते मला त्या रात्री कळले.

"हवालदारसाब, ती तुमची बंदूक हाय नव्हं?"

"आहे. का रे?"

"एक रात्र द्या. मागं कुत्री लई भुंकायला लागल्याती."

मी कान दिला. बाहेर एक कुत्रे भुंकत नव्हते. त्याच्या अंगावर स्वच्छ धुतलेला गणवेश होता, आणि पायांत काही नव्हते.

"बंदूक कोतात आहे," मी म्हणालो. "आज दुपारीच जमा केली."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग, एखाद्याच्या गुडघ्यातला जोर जावा तसा, तिथेच उंबऱ्यावर बसला. मला शब्द सुचेना. आतून ही आली, काही न विचारता स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला. "भावजी, आत या, गार हाय तितं," एवढेच म्हणाली. तो आत आला. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. पहाटेपर्यंत तो बोलत होता आणि आम्ही ऐकत होतो. उजाडल्यावर मी त्याला घेऊन साहेबांकडे गेलो. आठवड्याच्या आत त्याला रजा मिळाली. जमिनीचा तंटा काही सिनेमातल्यासारखा मिटला नाही. अर्धी गेली, अर्धी राहिली. पण आई बरी झाली, आणि बायको परत आली.

मी त्याला त्या रात्रीबद्दल कधी विचारले नाही. पुष्कळ वर्षांनी, पेन्शनीवर आल्यावर, त्यानेच सांगितले. "साहेब, मला मरायचं नव्हतं. मला ती एक रात्र सरायची होती. बंदूक असती तर एका मिनिटाचं काम होतं. ती नव्हती, म्हणून बसलो."

यावर विद्वानांनी काय म्हटले आहे, ते मी मागाहून वाचले. इस्रायलच्या फौजेत तरुण शिपाई आठवड्याच्या सुट्टीला रायफल घेऊन घरी जात. २००६ साली हे बंद केले आणि रायफली छावणीतच ठेवू लागले. त्यानंतर तिथल्या शिपायांच्या आत्महत्या सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्याचे पाहणीत आढळले. स्वित्झर्लंडमध्ये शिपायाने रायफल घरी ठेवायची जुनी रीत आहे. २०११ साली लोकांचे मत घेतले, तेव्हाही त्यांनी ती रीत मोडायला नकार दिला. पण घरातली सरकारी काडतुसे मात्र त्याआधीच, २००७ च्या निर्णयाने, परत घेण्यात आली होती. देश निराळे, रीती निराळ्या. पण हत्यार आणि दारूगोळा एका छपराखाली झोपवू नये, हे शहाणपण सगळीकडे हळूहळू पोहोचते आहे.

आपल्याकडेही नियम बदलले आहेत. २०१६ च्या नियमांपासून परवाना मागणाऱ्याला हत्यार सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. आणि लग्नावरातीत हौसेने बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायदा आपल्या जागी आहे. मला सांगायचे ते घरातले. आपल्या जिल्ह्यात माजी सैनिक पुष्कळ. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे तर नावच सैनिक टाकळी! पेन्शनीनंतर कित्येक जण परवान्याची बंदूक घेऊन बँकेच्या दारात राखणीला उभे राहतात. त्या साऱ्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा. काडतुसे दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. किल्ली खुंटीवर नको. आणि घरात मरण झाले, भाऊबंदकी पेटली, कुणी पिऊ लागले किंवा कुणी फार गप्प झाले, तर काही दिवस ती ठाण्यात किंवा दुकानदाराकडे नेऊन ठेवा. निवडणुकीच्या वेळी हुकूम आला की आपण निमूट नेतोच ना? मग घरच्या माणसासाठी न्यायला लाज कसली? आणि जो गप्प झाला आहे, त्याच्याशी बोला. सरकारने २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानसचा फोन ठेवला आहे, तोही फिरवावा. पण उंबऱ्यावरचा चहा आधी.

वडिलांची बंदूक अजून आहे. भिंतीत बसवलेल्या लोखंडी कपाटात, नळी एका खणात, दस्ता दुसऱ्या खणात. किल्ली आमच्या हिच्या कमरेला. दसऱ्याला तिच्याकडे किल्ली मागावी लागते, आणि ती दर वर्षी विचारते, "कशाला?" तो नाईक आता गुऱ्हाळ चालवतो. पाडव्याला त्याच्याकडून गुळाची ढेप येते. यंदाच्या करंज्या त्याच गुळाच्या होणार आहेत.

आणि आमचे नातूसाहेब? हे सगळे त्याला समजण्याजोगे करून सांगितले. थोडा वेळ विचारात पडला. संध्याकाळी फटाके उडवून झाल्यावर माझ्यासमोर येऊन ताठ उभा राहिला, पिस्तूल पुढे धरले आणि म्हणाला, "आजोबा, जमा करून घ्या. पण पावती पाहिजे."

मी वहीचे पान फाडले. 'पिस्तूल, टिकल्यांचे, नग एक, रिकामे' असे लिहून सही केली. टिकल्या त्याने आपण होऊन आजीकडे दिल्या.

दिवाळी सुखाची जावो!