पासिंगच्या दिवशी डिकी रिकामी

गाड्यांच्या बॉडी बांधणाऱ्या एका वाचकाने पाठवलेल्या पत्राला सरकारी शेऱ्यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. मोबाइल टॉवरवरून उतरवलेला 15 केव्हीएचा जनरेटर संच त्याने एका व्हॅनिटी व्हॅनच्या डिकीत बसवला आणि सगळे रीतसर व्हावे म्हणून परवानगीचा अर्ज केला. अर्जात रकाना होता : संच बसवण्याच्या जागेचा पत्ता. त्याने गाडीचा नंबर लिहिला. ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन अर्ज परत आला. मग त्याने गाडी रात्री उभी राहते त्या प्लॉटचा गट नंबर घातला. तपासणीला माणूस आला त्या दिवशी गाडी वाईला शूटिंगवर होती. शेरा पडला : ‘स्थळावर संच आढळून आला नाही, प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ त्या वेळी तो संच कृष्णेकाठी चार एसी ओढत होता.

हे पत्र एकटे नाही. व्हॅनिटी आणि कॅराव्हॅन बांधणाऱ्यांकडून आणि जुने संच बसवून देणाऱ्या फिटर मंडळींकडून याच सुराची पत्रे सतत येत आहेत. सगळ्यांची अडचण एकच आहे. जनरेटर जमिनीवर असला तर त्याला कायदा आहे आणि गाडीला चाके असली तर तिलाही कायदा आहे. चाकांवरच्या जनरेटरला मात्र कोणीच वाली नाही.

परिवहन कार्यालयात विचारले तर उत्तर मिळते, जनरेटर हा वाहनाचा भाग नाही. मग आरसी बुकात नोंद करून द्या म्हटले तर मोटार वाहन कायद्याचे कलम 52 पुढे येते : उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे कलम आणखी घट्ट केले. त्यामुळे संच एकाच वेळी ‘वाहनाचा भाग नाही’ आणि ‘वाहनातला बेकायदा बदल’ अशा दोन्ही गुन्ह्यांत सापडतो. धंद्याने यावर काढलेला तोडगा सगळ्यांना ठाऊक आहे. पासिंगच्या दिवशी डिकी रिकामी, दुसऱ्या दिवशी संच पुन्हा आत. काही एजंट आता या काढ-घालीचे वेगळे पैसे लावतात आणि बिलात ‘लेबर’ म्हणून दाखवतात.

प्रदूषणाच्या कागदांची गत याहून न्यारी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची चौथी-प्लस मानके 3 नोव्हेंबर 2022 च्या अधिसूचनेने आली, 1 जुलै 2023 पासून लागू झाली आणि जुन्या मानकांचा माल विकायची मुदत 30 जून 2024 ला संपली. नव्या संचांच्या किमती चढल्या आणि टॉवरवरून, बँकांच्या शाखांतून, बंद पडलेल्या गाळ्यांतून निघालेल्या संचांना अचानक भाव आला. यात गैर काही नाही. चांगले इंजिन भंगारात वितळवण्यापेक्षा वापरात राहिलेले बरे. पण संचाला मिळालेली मान्यता इंजिन, अल्टरनेटर आणि कॅनॉपी या तिन्हींची मिळून असते. एक मीटर अंतरावर 75 डेसिबलची मर्यादाही त्या कॅनॉपीसकटच पाळायची असते. टॉवरच्या संचाची कॅनॉपी डिकीत मावत नाही. ती कापली जाते, आणि तिच्यावरची मान्यतेची पट्टी सोडवून डिकीच्या दारावर रिव्हेट केली जाते. तपासणारा पट्टी वाचतो आणि जातो. पट्टी खरी आहे, फक्त ती ज्या डब्याबद्दल बोलते तो डबा आता कुर्ल्याला कुणाच्या तरी दुकानामागे पडलेला आहे.

विद्युत सुरक्षेचे नियम तर पिढ्यान् पिढ्या जनरेटरच्या सांगाड्याला जमिनीशी दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या मागत आले आहेत. रबरी टायरांवर उभ्या असलेल्या आणि रोज नव्या गावी जाणाऱ्या गाडीने दोन खड्डे कुठे खणायचे, याचे उत्तर एका वाचकाला मिळाले ते असे : ‘जिथे थांबाल तिथे.’ फिल्मसिटीच्या डांबरावर कोळसा-मीठ घेऊन उतरणारा स्पॉटदादा डोळ्यांपुढे आणावा.

इथवर सगळे हसण्यावारी नेता येते. पुढचे नाही.

डिसेंबर 2024 मध्ये केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनरेटर चालू ठेवून, एसी लावून ती आत झोपली होती. पुढे कोझिकोडच्या एनआयटीतल्या तज्ज्ञांनी त्याच गाडीत चाचणी घेतली. जनरेटरचा धूर गाडीच्या तळातल्या भोकातून आत येत होता आणि दोन तासांत आतल्या हवेतला कार्बन मोनॉक्साइड साडेनऊशे पीपीएमच्या पुढे गेला होता. आठशे पीपीएमला माणसाला पाऊण तासात गरगरू लागते आणि दोन-तीन तासांत जीव जातो. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्याला तो जागे करत नाही.

ही बातमी वाचून या धंद्यातल्या अनेकांनी ‘हलका पेट्रोल संच असेल’ किंवा ‘मेंटेनन्स नसेल’ असे म्हणून पान उलटले. त्यांच्यासाठी थोडे गणित. नव्या मानकांत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला 3.5 ग्रॅम आहे. दहा किलोवॅट भार ओढणारे, सर्व कागद असलेले, मर्यादेच्या काठावर पास झालेले इंजिन तासाला 35 ग्रॅम वायू सोडू शकते. व्हॅनिटीची आतली जागा साधारण 40 घनमीटर धरली, तर ती साडेनऊशे पीपीएमपर्यंत भरायला 44 ग्रॅम पुरतात. म्हणजे धूर पूर्ण आत वळला तर नियमात बसणाऱ्या इंजिनालाही सव्वा तास पुरे. बरीच डिझेल इंजिने या मर्यादेच्या खूप खाली चालतात हे खरे. पण टॉवरवर वर्षानुवर्षे घासलेले, नोझल गळणारे इंजिन त्यांत मोजता येत नाही, आणि पेट्रोलच्या पोर्टेबल संचाबद्दल तर बोलायलाच नको.

प्रमाणपत्र इंजिनाची चाचणी करते. धुराचा पाइप कुठे संपतो, तळाला किती भोके आहेत, बेलो कुठे तडकला आहे, हे त्या प्रमाणपत्रात कुठेच येत नाही. जागेचा पत्ता मागणाऱ्या त्या अर्जातही पाइपच्या तोंडाचा पत्ता विचारणारा रकाना नाही.

तळाला भोक का पडते, हे फिटरला विचारावे. टॉवरचा संच मोकळ्या हवेसाठी बनलेला असतो. एका बाजूने गार हवा घ्यायची, रेडिएटरमधून दुसऱ्या बाजूने फेकायची. डिकीत दोन्ही बाजूंना पत्रा. फेकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाते, मे महिन्यात दुपारी दोन वाजता पाण्याचे तापमान शंभराला टेकते आणि संच ट्रिप होतो. आत कलाकार घामाघूम, बाहेर प्रॉडक्शनवाला फोनवर. मग हेल्पर ग्राइंडर काढतो आणि डिकीच्या छताला, म्हणजे गाडीच्या तळाला, खिडकी पाडतो. कधी केबल ओढायला पाडलेले भोक ग्रोमेटशिवाय तसेच राहते. वर शौचालयाचा एक्झॉस्ट पंखा चालू असला की केबिनमधली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा भरायला खालून जे मिळेल ते वर येते. एसी आतलीच हवा फिरवत राहतो. वायू शिरायला यापलीकडे काही लागत नाही.

म्हणून डिकीत रेडिएटरच्या तोंडाला कॅनव्हासचा डक्ट लावून गरम हवा थेट बाहेर काढली पाहिजे आणि गार हवेची जाळी दुसऱ्या बाजूला हवी. डिकीचे छत आणि केबिनकडची भिंत अखंड पत्र्याची असावी, सांधे वेल्ड केलेले, केबल ग्लँडमधून. धुराचा पाइप गाडीखाली सोडून द्यायची पद्धत आजच बंद व्हावी. तो गाडीच्या कडेबाहेर, दार-खिडकीपासून आणि रूफ एसीपासून दूर, जमल्यास उभा छताच्या वर न्यावा. बेलोनंतरचे जोड क्लॅम्पवर भागवू नयेत.

अमेरिकेत पिकअपच्या हौद्यातल्या कपलिंगवर पुढचे टोक टेकवून ओढला जाणारा ‘फिफ्थ-व्हील’ कॅम्पर असतो. आपल्याकडे फिफ्थ व्हील म्हटले की ट्रॅक्टर-ट्रेलरचे कपलिंग आठवते, ते तेच, फक्त घर ओढणारे. तिथेही लोक मोडीत निघालेल्या मोटरहोममधून ओनान कंपनीचे जुने संच काढून आपल्या कॅम्परच्या पुढच्या कप्प्यात बसवतात. हौशी माणसेच हे काम करतात, पण कॅम्परच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असणे हे तिथल्या एनएफपीए 1192 या मानकात लिहिलेले आहे. आपल्याकडे 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे राज्य धोरण आले, मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 आहे, पुण्यात एआरएआय आहे, भोसरीत सीआयआरटी आहे. या सगळ्यांना मिळून अलार्मबद्दल चार ओळींचे एक कलम लिहिता येऊ नये, हे पटत नाही. धोरणात कॅराव्हॅन पार्क आहेत आणि तिथे वीज द्यायची आहे. खांबावर एक नीट सॉकेट मिळाले, तर रात्री झोपताना संच चालवायची वेळच येणार नाही.

अधिकाऱ्यांना बोल लावून झाले. आता घरच्यांकडे.

टॉवरचा संच घेताना अवर-मीटर वाचून खूश होणारे आपल्यात अजून आहेत. मीटर बदलणे हे दहा मिनिटांचे काम आहे. ब्रीदरमधून किती फुंकर येते ते पाहावे, भार टाकल्यावर धुराचा रंग पाहावा, 500 व्होल्टच्या मेगरवर वाइंडिंग एक मेगओहमच्या खाली दिसले तर भाव करत बसू नये. तीन फेजचा अल्टरनेटर सिंगल फेजला बदलून ग्राहकाला ‘पूर्ण 15 केव्हीए’ म्हणून विकणे हा सरळ लबाडीचा व्यवहार आहे. क्षमता दोनतृतीयांशाच्या आत येते हे विकणाऱ्याला माहीत असते. उलट 25 केव्हीएचा संच फुकटात मिळाला म्हणून दोन एसींसाठी बसवणाऱ्याने सहा महिन्यांनी सायलेन्सरमधून गळणारे काळे तेल पाहून इंजिनाला दोष देऊ नये.

न्यूट्रलचा विषय याहून गंभीर. डिकीतल्या संचाचा न्यूट्रल तरंगता ठेवून पुढे 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लावली, की ती शोभेची वस्तू होते. गळतीला परतायला वाटच नसते, मग आरसीसीबी पडणार कशी? न्यूट्रल आणि चासी यांची जोड संचापाशी हवी आणि एकाच ठिकाणी हवी. सेटवरच्या लाइनवर गाडी घेताना ही जोड सुटली पाहिजे, म्हणजे न्यूट्रलही तोडणारा चेंजओव्हर हवा : सिंगल फेजला टू-पोल, थ्री फेजला फोर-पोल. ‘न्यूट्रल कॉमन केला, चालतंय की’ म्हणणाऱ्या फिटरला ओल्या पायाने व्हॅनिटीच्या लोखंडी पायरीवर उभे करून दाराची मूठ धरायला सांगावे. तो धरणार नाही.

डिझेल गाडीच्याच टाकीतून घ्यायचे असेल, तर संचाची नळी पाव टाकीच्या वरच थांबवावी, म्हणजे रात्रभर एसी चालला तरी सकाळी गाडी सुरू होते. हे जुन्या कारागिरांना सांगायला नको. नव्यांपैकी निम्म्यांना सांगावे लागते.

परिवहन खाते, विद्युत निरीक्षक आणि प्रदूषण मंडळ यांची संयुक्त बैठक मागणारे निवेदन तयार आहे. नुसती गाऱ्हाणी घेऊन गेले तर चहा मिळेल आणि तारीख मिळेल. हातात मोजमापे हवीत. यासाठी या अंकासोबत एक पानी चाचणी पत्रक जोडले आहे. गाडी मोकळ्यावर उभी करावी, दारे-खिडक्या बंद, सगळे एसी आणि गीझर चालू, शौचालयाचा पंखा चालू, आत माणूस नको. सीओ मीटर झोपण्याच्या बर्थवर, मेकअपच्या खुर्चीवर आणि ड्रायव्हरच्या सीटवर ठेवून दोन तासांचे आकडे लिहावेत. मग गाडी वळवून, वारा पाइपच्या बाजूने येईल अशी उभी करून पुन्हा तेच. आकडा नऊ पीपीएमच्या वर स्थिरावला तर गाडी ग्राहकाला देऊ नये. आठ तासांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा साधारण तेवढीच आहे, आणि आपल्याकडच्या बाहेरच्या हवेचे मानक तर त्याहून बरेच कडक आहे.

अलार्म घेताना मागच्या बाजूला ईएन 50291-2 लिहिलेले पाहून घ्यावे. तो भाग गाड्या आणि बोटींसाठी आहे, कंप सोसणारा. स्मोक डिटेक्टर हा त्याला पर्याय नाही, दुकानदार काहीही सांगो. सेन्सरचे आयुष्य संपण्याची तारीख छापलेली असते, ती बिलावर लिहून द्यावी.

भरलेली पत्रके महिनाअखेरपर्यंत कार्यालयात पोचावीत. गाडीचा नंबर झाकून पाठवला तरी चालेल, आकडा झाकू नये. वाईट आकडे आलेल्यांचे नाव निवेदनात जाणार नाही. आणि पुढच्या अंकापासून जुने संच बसवून देणाऱ्यांची जाहिरात, जोडीला एका तरी गाडीचे असे पत्रक असल्याशिवाय, या मासिकात छापली जाणार नाही. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेल्यांना उरलेली रक्कम परत केली जाईल.