नात्याचं पांघरूण

आमचं फुलसावंगी गाव असो की पुणे, घरातल्या कुणाच्या हातून गुन्हा घडला की जाणती माणसं एकच सल्ला देतात: आपलेच दात, आपलेच ओठ, घरातलं घरात मिटवा. या सल्ल्याची परंपरा जुनी आहे. बापाने मेंढी चोरली तर मुलाने झाकावं, सरळपणा त्यातच आहे, असं कन्फ्यूशियस म्हणाला होता. आपला कायदाही नात्याबाबत अगदीच कोरडा नाही. गुन्हेगाराला आसरा दिल्याबद्दल शिक्षा सांगणारं भारतीय न्याय संहितेचं कलम 249 नवरा-बायकोला वगळतं. मात्र पुरावा नष्ट करण्याच्या कलम 238 मध्ये कुठल्याच नात्याला सवलत नाही, आणि ते रास्त आहे. दारात आलेल्या पोराला भाकरी वाढणारी आई मला समजते. रक्ताचे कपडे जाळणारा बाप समजत नाही.

कारण झाकण्याची किंमत झाकणारा भरतच नाही. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पोलिसांचा आरोप असा, की अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात बदलून त्याजागी आईचा ठेवला गेला, आणि गुन्हा अंगावर घे म्हणून घरच्या ड्रायव्हरला दमदाटी झाली. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण आरोप नीट वाचा: आपलं पोर सुटावं म्हणून दुसऱ्याच्या घरचा कर्ता माणूस तुरुंगात ढकलायचा. याला माया म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याहून वाईट अवस्था घरातल्याच लेकराची. काकाने, मामाने अत्याचार केला, तर रक्त दोन्हीकडे आपलंच असतं. तरीही अब्रूच्या नावाखाली गप्प बसवलं जातं ते लेकराला. 2012 च्या पोक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे; लपवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. गरिबाला ठाण्याची धास्ती असते. पोरगं स्वतःहून नेलं तर मार खाईल, ही भीती पोकळ नाही. पण नात्याचं खरं काम तिथेच सुरू होतं. वकील गाठा, सोबत जा. अटकेची खबर नातेवाइकाला मिळालीच पाहिजे, कोठडीत वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, असं डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच बजावलं आहे.

अमेरिकेत सतरा वर्षं बॉम्ब पाठवून माणसं मारणारा थिओडोर काझिन्स्की त्याच वर्षी सापडला, तो सख्ख्या भावामुळे. लिखाणाची धाटणी ओळखून डेव्हिडने खबर दिली. मग थिओडोरची फाशी टळावी म्हणून झटलाही तोच, आणि खबरीबद्दल मिळालेल्या बक्षिसातली बरीचशी रक्कम त्याने बळींच्या कुटुंबांना दिली. भावाशी इमान राखणं मी याला म्हणतो.

म्हणून फुलसावंगीतल्या माझ्या माणसांना सांगणं आहे: गुन्हेगार घरचा असेल तर त्याचा हात धरून ठाण्यात जा, जामिनाला उभे राहा, तुरुंगात भेटायला जा. आणि लेकरू काही सांगू लागलं, तर भावकीची बैठक बोलावण्याआधी 1098 या बालमदत क्रमांकावर फोन लावा.