गोड बोला, पण बोला

जानेवारीचा दुसरा आठवडा आपल्याकडे सणांचा आणि स्मरणांचा असतो. बाराला जिजाऊंची आणि विवेकानंदांची जयंती, तोच राष्ट्रीय युवा दिन, लगोलग संक्रांत. उरणच्या आपल्या द्रोणागिरीला या बारा तारखेचे अप्रूप थोडे अधिक, कारण २०२४ साली याच दिवशी खारकोपर-उरण रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले. आज त्या लोकलमधून कॉलेजला, बंदराच्या गोदामांत कामाला जाणारी तरुण पोरे पाहिली, की यांच्या हाती आपण काय काय दिले याचा हिशेब मनात सुरू होतो. शिक्षण दिले, मोबाइल दिला. स्वतःच्या शरीराविषयी चार सरळ शब्द मात्र द्यायचे राहिले.

चौदा जानेवारी हा र. धों. कर्व्यांचाही जन्मदिवस, साल १८८२. गुप्तरोगांविषयी मराठीत उघडपणे लिहिणाऱ्या या माणसाने १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, त्यापायी खटले सोसले. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तेव्हा पेनिसिलिनही रुग्णांच्या हाती आले नव्हते. आज सिफिलिस, गनोरिया औषधाने बरे होतात, एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला रोखणारी एचपीव्हीची लसही आहे. औषध बदलले, आपला संकोच मात्र तसाच. मेडिकलच्या काउंटरवर मागचे गिऱ्हाईक जाईपर्यंत मुलगा उगाच खोकल्याच्या गोळ्या न्याहाळत राहतो, आणि कंडोमचे पाकीट अजूनही वर्तमानपत्रात गुंडाळून मिळते.

आपल्या द्रोणागिरी डोंगराची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. संजीवनी ओळखता येईना म्हणून हनुमंताने अख्खा पर्वत उचलला, त्याचाच एक तुकडा इथे पडला, असे म्हणतात. आपली मुलेही मोबाइलवर माहितीचा डोंगरच उचलून फिरत आहेत. त्यातली वनस्पती ओळखून देणारे कोणी नाही. गुप्तरोगांचे कित्येक संसर्ग बाहेरून काहीच लक्षण दाखवत नाहीत, अंगात मुरत राहतात, पुढे वंध्यत्वापर्यंत नेतात. कंडोम संसर्गाचा धोका बराच कमी करतो, वेळेवर तपासणी उपचाराची वाट मोकळी करते आणि जोडीदाराचीही तपासणी झाली नाही तर बरा झालेला आजार परत येऊ शकतो, हे सांगायला अश्लीलता लागत नाही, जबाबदारी लागते.

ती जबाबदारी शाळेने घरावर आणि घराने शाळेवर ढकलण्यात आपण वर्षे घालवली. यंदा तिळगूळ देताना घरातल्या वयात आलेल्या मुलामुलींशी आपणच आधी बोलूया. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, ती संमतीनेच करण्याचे आणि गुप्त राखण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे, आणि शंका विचारायला १०९७ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे, एवढे तरी त्यांना सांगूया.