शेंडेफळाची लाज

घरात सून नांदायला आली आणि त्याच वर्षी सासूचाही पाळणा हलला, हे आमच्या आधीच्या पिढीत नवलाचे नव्हते. अशा मुलाला कौतुकाने शेंडेफळ म्हणत. त्याच्या आईला मात्र ते नऊ महिने पदराखाली झाकावे लागत. कुटुंबे लहान झाली, पण ती लाज अजून गेलेली नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर दिवस राहिले की आजही कितीतरी बाया पहिले चार महिने कोणाला कळू देत नाहीत. ‘या वयात?’ हा एकच प्रश्न त्यांना दवाखान्यापासून दूर ठेवतो.

दुसरीकडे शिक्षण, नोकरी आणि लांबलेले लग्न यांमुळे पस्तिशीनंतर पहिलटकरीण होणाऱ्या मुली आहेत. त्यांना कोणी घाबरवतो, तर कोणी ‘आमच्या आजीला बेचाळिसाव्या वर्षी झाले, काही झाले नाही’ असा दाखला देतो. दाखला देणारे वाचलेल्या आज्याच मोजतात. मुमताज महल १६३१ साली बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात दगावली, तेव्हा तिचे वय ३८ होते. बादशहाच्या बेगमेची ही कथा, तर इतरांची काय?

वयाबरोबर धोका वाढतो, हे खरेच आहे. पस्तिशीनंतर रक्तदाब, गरोदरपणातला मधुमेह, गर्भपात आणि सिझेरियन यांचे प्रमाण वाढते. आधीची बाळंतपणे बरीच झाली असतील, तर प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाची भीती वेगळी. डाउन सिंड्रोमचे बाळ पंचविशीत सुमारे १२५० बाळांत एक, पस्तिशीत ३५० त एक आणि चाळिशीत १०० त एक, असा हिशेब डॉक्टर सांगतात. म्हणजे चाळिशीतही शंभरांतली नव्याण्णव बाळे या दोषाविना जन्मतात. घाबरण्याचे कारण नाही, पण तपासणीला वेळ असते. या दोषाची पहिली चाचणी ११ ते १३ आठवड्यांत होते. चार महिने लपवले की ती संधी हातची गेली. चढलेला रक्तदाब तर बाहेरून दिसतही नाही.

सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यात आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. १९०० साली दक्षिण आफ्रिकेत देवदासच्या वेळी कस्तुरबांना अचानक कळा सुरू झाल्या. दाई वेळेवर मिळेना, तेव्हा गांधीजींनी स्वतः बाळंतपण केले. त्यांनी आधीच एक पुस्तक अभ्यासून ठेवले होते, हे त्यांच्या आत्मकथेत आहे. आजच्या नवऱ्याने तसले धाडस करू नये. पण बायकोचा रक्तगट कोणता, रक्तदाब किती, रात्री कळा आल्या तर गाडी कोणाची, हे त्याला ठाऊक हवे. कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय सेवाग्रामात आहे खरे, पण आष्टी-कारंजाकडून तो पल्ला लांबचा आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही रस्ता कापूनच येते. बाळंतपण कुठे करायचे, हे सातव्या महिन्यातच ठरलेले बरे.

सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी होते. त्याआधी, पहिल्या तीन महिन्यांतच, आशाताईंकडे नाव नोंदवता येते. सोय आहे, तिथवर जाण्याचे बळ घरातून मिळायला हवे. सासूबाईंनी आणि शेजारणींनी ‘या वयात?’ असे विचारणे सोडावे. ‘नाव नोंदवलं का?’ एवढेच विचारावे.