इस्तिस्काची नमाज झाली, आता पाण्याचा हिशेब मांडू

२०२३ चा ऑगस्ट देशभर कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. महिन्याच्या अखेरीस मी बीड जिल्ह्यात माझ्या आजोळी होतो. गावाबाहेरच्या ईदगाहवर नमाज-ए-इस्तिस्का झाली. हात उलटे करून पावसासाठी दुआ मागितली गेली, म्हाताऱ्या माणसांचे डोळे भरून आले. मीही त्या सफमध्ये होतो आणि मनापासून होतो. मारुतीच्या देवळात त्याच आठवड्यात सप्ताह बसला होता. तिथेही मागणे हेच होते.

संध्याकाळी मामूंच्या शेताकडे गेलो, तर तमिळनाडूची बोअरची गाडी उभी. मामूंचे हे चौथे बोअर. सहाशे फूट झाले तरी धूळच उडत होती. शंभर पावलांवर शेजाऱ्याची विहीर, तीही तळाला गेलेली. मामूंची दोन एकर मोसंबी वाळायला लागली होती, आणि फळबाग म्हणजे काही सोयाबीन नव्हे, की यंदा गेले तर पुढच्या वर्षी पेरू. चार बोअरमध्ये अडीच लाखांच्या वर गेले होते. मामींचे दागिने सोनाराकडे होते. मामू मला म्हणाले, "पानी नसीब का रहता, बेटा."

मी गप्प बसलो. तेव्हा न दिलेले उत्तर आज देतो. पाऊस नशिबाचा असेल मामू, पण जमिनीतले पाणी हिशेबाचे असते. तो हिशेब एकट्याने मांडता येत नाही, आणि गाव तो मांडत असताना आपला समाज बाहेर उभा राहिला, तर त्याचा तोटा सगळ्यात आधी आपल्याच गरिबाला होतो.

आधी जमिनीविषयी. मराठवाड्याच्या पोटात काळा बेसाल्ट आहे. पाऊस मुरतो तो वरच्या मुरमाड, भेगाळलेल्या थरात. त्याखाली कठीण पाषाण. त्यात एखादी फट लागली तर पाणी, नाही तर फुफाटा. खोलवर लागलेले पाणीही बऱ्याचदा वरूनच फटीवाटे उतरलेले असते, नाही तर वर्षानुवर्षे साठलेले. ते एकदा उपसले की लवकर भरत नाही. म्हणजे मामूंचे बोअर लागले असते, तरी ते पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतून नाही तर नातवांच्या वाट्यातून आले असते.

राज्याचा भूजल कायदा २००९ चा, तो अमलात आला २०१४ मध्ये. शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ६० मीटर आणि त्याहून खोल बोअर घ्यायला त्यात मनाई आहे. ६० मीटर म्हणजे साधारण २०० फूट. सहाशे फुटांची गाडी मामूंच्या शेतात दिवसाढवळ्या घरघरत होती आणि सगळा गाव ती बघत होता. कायदा कोणाला माहीत नव्हता, आणि माहीत असता तरी कोणी थांबवले नसते. कारण प्रत्येकाच्या शेतात अशी गाडी कधी ना कधी येऊन गेलेली आहे.

हवामान बदलाचे नाव घेतले की लोक म्हणतात, दुष्काळ तर पूर्वीही पडायचे. पडायचेच. पण आता एकाच गावाला दोन्ही टोके सोसावी लागत आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात परंडा, भूमसारख्या कायम दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यांत पूर आला, उभी पिके गेली, शेतातली माती वाहून गेली. कोसळून आलेला पाऊस मुरत नाही, धावतो. मग महिनाभर उघडीप. असा पाऊस जमिनीत साठवणे आणि साठलेले वाटून वापरणे, याला जुळवून घेणे म्हणतात. आपण करतो आहोत ती पळापळ आहे.

या पळापळीला सरकारी योजनांनीही खतपाणी घातले आहे. शेततळ्याचेच बघा. पावसाचे वाहते पाणी अडवायचे, ही मूळ कल्पना चांगली. प्रत्यक्षात कित्येक शेततळी प्लास्टिकचा कागद अंथरून विहिरीच्या, बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सगळ्यांचे असलेले पाणी वर आले, कागदावर साठले, की एकाचे झाले. उन्हात त्यातले बरेच उडूनही जाते. ठिबक, शेडनेट, शेततळे, जे काही मिळते ते सातबाऱ्यावरच्या एकेका नावाला मिळते. गावाचे मिळून पाणी किती आणि उपसा किती, हा प्रश्न मागे पडतो. तो का मागे पडतो, हेही उघड आहे. हिशेब मांडला तर पहिला जाब उसाला द्यावा लागेल. दोनशेहून अधिक मैलांवरून पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागणाऱ्या प्रदेशात ऊस का, याचे उत्तर कारखानदारांना द्यावे लागेल. त्यापेक्षा प्रत्येकाला थोडे अनुदान देऊन गप्प बसवणे सोपे.

माझ्या धंद्यातले लोकही यात मागे नाहीत. मी सॉफ्टवेअर लिहितो. शेतकऱ्याच्या हातात हवामानाचे अ‍ॅप दिले की काम झाले, असे माझ्या बरोबरीच्या अनेकांना वाटते; काही वर्षांपूर्वी मलाही वाटायचे. उद्या पाऊस नाही, हे मामूंना फोनने सांगितले तर ते काय करतील? पाचवे बोअर घेतील. सॉफ्टवेअरचा उपयोग कुठे आहे, तेही सांगतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोकरा प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईच्या लोकांनी गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे साधन तयार केले. पाऊस किती, मुरला किती, वाहून गेला किती, पिकांची गरज किती. पण तो ताळेबंद ग्रामसभेत वाचला गेला नाही आणि त्यावरून पीक ठरले नाही, तर तो संगणकातच पडून राहतो.

हिवरे बाजारने तो ग्रामसभेत वाचला. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले हे गाव. पाऊस आमच्या बीडहूनही कमी, ४०० मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने डोंगरावर चर खणले, झाडे लावली, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले, जास्त पाणी पिणारी ऊस-केळी बाद केली. दर वर्षी पावसाळा संपला की पाण्याचे अंदाजपत्रक मांडायचे. आधी माणसांचे पिणे, मग जनावरे, उरलेल्यातून रब्बीत काय आणि किती पेरायचे ते ठरवायचे. पाऊस कमी झाला, तर पेराही कमी. आणि आपल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो, या गावात मुस्लिमांचे एकच घर, आणि त्या एका घरासाठी गावाने मशीद बांधून दिली. एकमेकांचे पाणी मोजणारे गाव एकमेकांची माणसेही मोजते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, प्रत्येक गावात पोपटराव कुठून आणायचे? आणायची गरज नाही. त्यावेळच्या आंध्र प्रदेशातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतः पर्जन्यमापक वाचले, विहिरींची पातळी मोजली, आकडे गावात सर्वांसमोर मांडले. सक्ती कोणावर नव्हती. पाणी किती शिल्लक आहे ते डोळ्यांनी दिसल्यावर अनेकांनी भात कमी करून कमी पाण्याची पिके घेतली. त्यासाठी पुढारी लागला नाही. दोरी, टेप, वही आणि रोज नोंद घेणारा माणूस लागला.

आता आपल्याविषयी. ग्रामसभेत, पाणलोट समितीत आपली माणसे फारशी दिसत नाहीत. याला एक कारण बाहेरचे आहे आणि ते मी लपवणार नाही. गेल्या काही वर्षांत गावागावांत विष कालवले गेले, "यांना कशाला विचारायचे" ही भाषा उघडपणे बोलली जाऊ लागली. दुसरे कारण मात्र आपल्या घरातले. मुस्लिमांचे प्रश्न म्हणजे तलाक, वक्फ, आरक्षण, दंगल, अशी एक यादी आपल्या पुढाऱ्यांनी ठरवून टाकली आहे. पाणी त्या यादीत नाही. शेतीत आपले प्रमाण कमी आणि छोट्या धंद्यांत जास्त, हे सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवले. म्हणून शेतीचे संकट आपले नाही, असा सोयीचा अर्थ आपण काढला. पण बागवानाच्या गाड्यावर मोसंबी येते कुठून? कुरेशींच्या बाजारात जनावर येते कुठून? दुष्काळात टँकर शेवटी पोहोचतो तो कोणत्या मोहल्ल्यात?

आणि शेती करणाऱ्यांतही अनेक जण दुसऱ्याची जमीन बटईने कसतात. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून अनुदान नाही, विमा नाही, पुरात पीक गेले तर भरपाई जमीनमालकाला. बायकांचे तेच. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली. बाकी मालमत्तेत बहिणीला हिस्सा आहे असे मिंबरवरून सांगणारे, शेताचा विषय आला की तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात. लातूर-धाराशिवकडे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत बायकांनी घरच्यांकडून एक-एक एकर मागून घेतली आणि तिच्यावर नगदी पिकाऐवजी डाळी, धान्य, भाजीपाला पिकवला, कमी पाण्यात. पाऊस फसला तरी घरात खायला राहिले. या कामाला २०१७ मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला. आपल्या किती घरांनी सुनेला, बहिणीला एक एकर दिली आहे?

आपल्याकडे परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. पाणी, चारा आणि विस्तव यांत सगळे भागीदार आहेत, ही पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आहे. फिकहमध्ये विहिरीचा हरीम सांगितला आहे, म्हणजे विहिरीभोवतीचा असा पट्टा ज्यात दुसऱ्याने खोदायचे नाही. आपल्याकडे १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घातली. दोन्हींत शहाणपण एकच. हजरत उस्मान यांनी मदिनेतली रूमाची विहीर विकत घेऊन सगळ्यांसाठी खुली केली, ते वक्फचे सुरुवातीचे उदाहरण मानले जाते. आज वक्फ म्हटले की आपल्याला फक्त कोर्टाची तारीख आठवते. आणि इथेच, छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी बांधली. डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालच्या नळातून नुसत्या उताराने शहरात यायचे. डोंगर पाझरेल तेवढेच पाणी, त्याहून जास्त ओढायची सोयच नाही. त्या नहरीचा अभिमान सांगायचा आणि सहाशे फूट बोअर मारायचे, हे जमणार नाही.

सुरुवात मशिदीपासून करू. माझ्या आजोळच्या मशिदीचे छत २५० चौरस मीटर धरा, पाऊस ७०० मिलिमीटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी १ लाख ४० हजार लिटर पाणी एका छतावर पडते. दिवसाला दोनशे वेळा वजू होत असेल आणि नळ मोकळा सोडून एका वजूला पाच लिटर जात असतील, तर हे पाणी १४० दिवसांचे. नळ आवरून दोन लिटरमध्ये वजू केली, तर ३५० दिवसांचे. पैगंबर एका मुद्द पाण्यात वजू करत, म्हणजे लिटरहूनही कमी. सगळे साठवता आले नाही तर गाळून मशिदीच्याच विहिरीत सोडा, वजूचे पाणी शोषखड्ड्यात घाला. मशिदीच्या भिंतीवर नमाजच्या वेळा लिहिलेल्या असतात; त्याच्याच बाजूला विहिरीची पातळी दर जुम्याला लिहा. मग तोच आकडा घेऊन ग्रामसभेत जा आणि मारुतीच्या विहिरीचा आकडा मागा. पाण्याचा आकडा घेऊन आलेल्या माणसाला, तू कोणाचा, असे विचारणे गावाला अवघड जाते. विचारलेच, तर पुन्हा जा.

मामूंचे चौथे बोअर कोरडेच गेले. मोसंबीची निम्मी झाडे तोडावी लागली. मामी दागिन्यांचा विषय काढत नाहीत. पाऊस पुन्हा लांबेल आणि इस्तिस्काला आपण पुन्हा उभे राहू. राहायलाच हवे. पण नमाजनंतर ईदगाहवरच बसून गावातल्या विहिरींची मोजणी कोण करणार, एवढे ठरवून उठू. वहीत पहिले नाव माझ्या मामूंचे घाला. त्यांना मी तयार करतो.