ओवाळणी की वाटा?

“ताई, गटाच्या बैठकीत राजकारण नको.” गेल्या दहा-बारा वर्षांत हे वाक्य मी किती गावांत ऐकलं, त्याची मोजदाद नाही. मागच्या वर्षी एका शिबिरात मी फळ्यावर ‘राजकीय विचारसरणी’ असा विषय लिहिला, तेव्हाही हेच झालं. एक मावशी म्हणाल्या, “ते पुढाऱ्यांचं काम. आपण आपलं बचत, दारू, दवाखाना यावर बोलू.”

मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, “तुमच्यापैकी कितीजणींनी हक्कसोडपत्रावर सही केली आहे?”

आधी कोणीच बोललं नाही. मग एक हात वर आला, मग दुसरा. बघता बघता निम्म्याहून जास्त हात वर आले. का केली सही, असं विचारल्यावर उत्तरं मात्र भराभर आली. ‘भावाचं मन कशाला मोडायचं?’ ‘माहेर तुटतं.’ ‘लग्नात खर्च केला, तोच आपला वाटा.’ ‘कसणार तोच आहे.’ ‘लोक काय म्हणतील?’ ही सगळी उत्तरं मी फळ्यावर त्या शीर्षकाखाली लिहिली आणि म्हटलं, “ही घ्या राजकीय विचारसरणी. तुम्हीच सांगितलीत.”

मग मी माझाही हात वर केला. एम.एस.डब्ल्यू. करताना उदारमतवाद, समाजवाद, स्त्रीवाद यांवर मी पानंच्या पानं लिहिली होती. वडील गेल्यावर वर्षाच्या आत दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली. कोणी धमकी दिली नव्हती. भावाने परत येताना साडी घेऊन दिली आणि मला ते प्रेमाचंच वाटलं. विचारसरणी चालते ती अशी. ती हुकूम करत नाही, एखादी गोष्ट आपल्याला सहज, स्वाभाविक वाटायला लावते.

प्रत्येक विचारसरणी तीन प्रश्नांची उत्तरं देते. समाज आज असा का आहे? तो कसा असायला हवा? आणि तो कोणी, कोणत्या मार्गाने बदलायचा, किंवा का बदलायचा नाही? ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्द आले १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळच्या सभागृहातून. राजाचे अधिकार राखू पाहणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसत आणि बदल मागणारे डावीकडे. पण बाईला या सभागृहापेक्षा सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून विचारसरणी लवकर कळते. म्हणून हा एकच प्रश्न आपण प्रत्येक विचारसरणीला विचारून पाहू : बापाच्या जमिनीत मुलीचं काय?

परंपरावाद सांगतो की समाजाचा पाया व्यक्ती नसून कुटुंब आहे, आणि पिढ्यान् पिढ्या टिकलेली घडी मोडू नये. मुलगी परक्या घरची. तिला मान द्यावा, चोळी-बांगडी करावी, पण जमीन द्यायची नाही. याला नुसतं मागासलेपण म्हणून झटकता येत नाही. नवऱ्याने टाकलेली बाई रात्री कोणाच्या दारात जाते? माहेरच्याच. तो आसरा खरा आहे. पण तो तिच्या हक्काचा नाही, भावाच्या मर्जीचा आहे. स्वतंत्र भारतात हिंदू कोड बिलाला विरोध झाला तो याच भूमिकेतून. मुलींना वाटा दिला तर घरं फुटतील, असं म्हणणाऱ्यांत सत्ताधारी काँग्रेसमधलीही बडी मंडळी होती. बिल रखडलं आणि १९५१ साली डॉ. आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला.

उदारमतवाद व्यक्तीला पाया मानतो. प्रत्येक माणूस स्वतंत्र, कायद्यापुढे सगळे सारखे. हा विचार मोठा आहे, पण तोही ‘माणूस’ म्हणताना बराच काळ पुरुषच समजत होता. ऑलिंप द गूज या फ्रेंच लेखिकेने १७९१ साली स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. १७९३ साली तिला गिलोटिनवर चढवण्यात आलं. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वारस केलं, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क मुलग्यांनाच ठेवला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना तो दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली देशभरातल्या मुलींना तो मिळाला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे स्पष्ट व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यावा लागला. अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही, त्यामुळे आदिवासी मैत्रिणींची लढाई वेगळीच आहे.

आता कायदा आपल्या बाजूने आहे. मग हात वर का आले? कारण उदारमतवादी कायदा कागद बघतो आणि कागदावर लिहिलेलं असतं, ‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय.’ सही करणाऱ्या हाताच्या मागे कोण कोण उभं आहे, ते त्याला दिसत नाही.

खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्यांनीही हा प्रश्न हाताळला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करावा, असं आवाहन होतं. गावोगावच्या पुरुषांनी ते केलं, ही लहान गोष्ट नव्हती. तरी तिथेही देणारा नवराच होता.

समाजवादी आणि साम्यवादी विचार विचारतो, राबतं कोण आणि मालक कोण? खाजगी मालमत्ता आणि बाईची गुलामी यांची सांगड एंगल्सने १८८४ सालीच घातली होती. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या साथीदारांच्या पुढाकाराने ठाणे जिल्ह्यातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, त्यात बायाही होत्या. पुढे कूळकायदा आला, ‘कसेल त्याची जमीन’ झाली. पण निंदणी, लावणी, कापणी करणारी बाई कागदावर ‘कसणारी’ ठरली नाही. जमीन झाली ती बहुतेक ठिकाणी घरच्या पुरुषाच्या नावावर.

फुले-आंबेडकरी विचार आणखी एक पडदा बाजूला करतो. बाईच्या लग्नावर ताबा ठेवल्याशिवाय जात टिकत नाही, हे आंबेडकरांनी १९१६ च्या निबंधात मांडलं होतं. मुलीला जमीन देण्याची धास्ती का, याचं उत्तर त्यात सापडतं. तिने जातीबाहेर लग्न केलं, तर जमीनही जातीबाहेर जाते! त्या शिबिरात मागे बसलेली एक दलित मैत्रीण एवढंच म्हणाली, “ताई, आमच्यात कुणी सही करत नाही. सोडायला हक्काची जमीन तर पाहिजे!” आमची सगळी चर्चा तिथे थांबली. ‘बायकांचा प्रश्न’ असं आपण सरसकट म्हणतो, तेव्हा कोणत्या बायका डोळ्यांसमोर असतात, हे तिने एका वाक्यात दाखवलं.

आणि स्त्रीवाद? त्याने या सगळ्यांना घराचा उंबरा ओलांडायला लावलं. घरात घडतं ते खाजगी नाही, तिथेही सत्ता आहे, हे त्याचं सांगणं. पण त्या मैत्रिणीचा प्रश्न ऐकला नाही, तर आपला स्त्रीवादही जमीन असलेल्यांपुरताच राहील.

प्रत्यक्षात या विचारसरण्या भेसळ होऊन आपल्यापर्यंत येतात. २०२४ साली राज्यात ‘माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाली, महिना १५०० रुपये. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यावर, हा व्यक्तीला मानणारा विचार. सरकारने गरिबाचा भार उचलायचा, हा कल्याणकारी विचार. आणि नाव? बहीण, तीही लाडकी. म्हणजे सरकार भाऊ झालं आणि पैसे ओवाळणी. हे पैसे नाकारा असं मी कधीच म्हणणार नाही. त्यातून औषधं आली, मुलांच्या फिया भरल्या गेल्या, हे मी पाहिलं आहे. पण ओवाळणी आणि वाटा यात फरक आहे. ओवाळणी किती द्यायची ते भाऊ ठरवतो. वाटा मोजून मागता येतो. हक्कसोडपत्रानंतर मिळालेल्या साडीचं आणि या नावाचं नातं मला फार जवळचं वाटतं.

बोट आपल्याकडेही वळवायला हवं. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर, एक समाजवादी आणि एक कम्युनिस्ट, महागाईविरुद्ध लाटणं घेऊन एकत्र रस्त्यावर आल्या. विचार वेगळे होते, ते कोणी लपवले नाहीत, म्हणूनच कशावर एकत्र यायचं ते ठरवता आलं. आज आपल्या अहवालांत ‘लाभार्थी’ हा शब्द किती सहज येतो! बाईने बचत केली, धंदा काढला की गरिबी हटेल, हे आपण शिकवतो आणि वर म्हणतो, आम्ही राजकारणात नाही. पण गरिबीची जबाबदारी गरीब बाईवरच टाकणं, ही पण विचारसरणीच आहे. कोणत्याही पक्षात नसणं ही स्वायत्तता झाली. कोणताच विचार नसणं मात्र शक्य नाही. जो विचार आपण निवडत नाही, तो दुसऱ्या कोणाचा तरी आपल्या तोंडून बोलतो.

म्हणून एक सुचवते. पुढच्या बैठकीत कोणतीही योजना, कायदा किंवा उमेदवाराचं पत्रक घ्या आणि चार प्रश्न विचारा. यात बाई माणूस म्हणून आहे, की कोणाची तरी आई, बहीण, बायको म्हणून? मिळतं आहे ते हक्काचं, की मर्जीचं? यात कोणती बाई सुटली? आणि घरातलं काम कोण करणार, याबद्दल काय म्हटलं आहे? उत्तरांवरून विचारसरणी ओळखता येईल, मग तिला नाव कुठलंही असो.

नोंदलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी फिरवता येत नाही. दिवाळीत मी भावाला एवढंच सांगितलं की ती सही मी आज केली नसती. तो काही बोलला नाही. स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आली आणि म्हणाली, “वन्सं, माझ्या भावानेही माझ्याकडून सही घेतली. मला कोणी विचारलंच नाही.”

मैत्रिणींनो, तुमच्या गटात हा प्रश्न विचारून पाहा. किती हात वर आले आणि मग काय बोलणं झालं, ते जरूर कळवा.